चिंधी बांधलेला दुध्या

लोणावळे,
रविवार, ता. १७ एप्रिल १९६६

तीर्थस्वरूप बयाक्काच्या पायांवर धाकट्या मारुतीचं डोकं, आणि दाजींना दोन्ही हात जोडून रामराम. (दाजींनी इथवर वाचलं असेल तर त्यांचा मान त्यांना पोचला. पुढचा मजकूर बहीणभावाच्या खासगीतला आहे, तेव्हा त्यांनी आता चष्मा काढून ठेवावा.)

इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी एकटाच. तुझी भावजय लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली त्याला दीड महिना झाला, आणि ती घरात असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. ते का, ते पुढे येईलच. तुझा दमा कसा आहे? दाजींचा गुडघा जिना चढू देतो का? तुमच्या खडकीला रेशनवर अजून तो अमेरिकेचा तांबडा मिलोच मिळतो की ज्वारीचं तोंड दिसलं? आमच्याकडे मिलोच. माझ्या हातची मिलोची भाकरी परवा हातातून निसटून पाटावर पडली तर शेजारीण विचारायला आली, काय फुटलं म्हणून. पण मी खाऊन-पिऊन बरा आहे, काळजी करू नकोस. (बरा आहे हे खरं, खाऊन-पिऊन हे तीन दिवसांपासून तितकंसं खरं नाही. तेही पुढे येईल.)

पत्रास कारण तुझं कार्ड. त्यात तू लिहिलंस, की भोपळा पोचला, भिकाजी गार्डानं घरी आणून दिला, मारुतीच्या हातचं पहिलं पीक म्हणून डोळे भरून आले, देवापुढे ठेवलाय. त्याखाली दाजींनी लिहिलंय, की हा भोपळा आहे का रुळाचा तुकडा, नख रुतवायला गेलो तर नखच वाकलं, अक्षय्य तृतीयेला हलवा करायचा ठरलाय म्हणून करवतीला धार लावून ठेवतोय. आणि सगळ्यात शेवटी, कार्डावर जागा उरली नव्हती तर कडेला उभी ओळ घालून, तू विचारलंस, 'देठाला तांबडा धागा गुंतला होता, तो कसला?' अक्का, त्या उभ्या ओळीचं उत्तर म्हणजे हे पत्र. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं आहे. पण ते वाक्य लिहायला हात उचलत नाही, म्हणून आधी बाकीचं सगळं सांगून घेतो. बत्तीस वर्षं गार्डकी केली आहे, गाडी सोडण्याआधी सगळे डबे एकदा बघून घ्यायची सवय जात नाही.

वलवणच्या रस्त्याला सार्वजनिक बाग आहे ती तुला आठवत असेल. तुम्ही दोघं आला होतात तेव्हा आपण तिथे हिरवळीवर बसून भेळ खाल्ली होती, आणि दाजींनी 'हिरवळीवर बसू नये' या पाटीलाच टेकून झोप काढली होती. ती हिरवळ आता नाही. गेल्या साली पावसानं दडी मारली, धान्याचे वांधे झाले, आणि रिकामी जागा दिसेल तिथे भाजी लावा असं वरून आलं. आमच्या गावात रिकाम्या जागा दोनच, एक बाग आणि दुसरं आम्हा पेन्शनरांचं डोकं. दोन्ही एकदमच कामाला लागली. हिरवळ उकरली, गुलाब उपटून कुंपणाच्या कडेला नेले, चोवीस वाफे पाडले, आणि आसपास राहणाऱ्या ज्याला हवा त्याला एकेक वाफा मिळाला. मग वाफ्यांची समिती झाली, समितीला चिटणीस हवा होता. चिटणीस कोण, असं विचारल्यावर सभेतल्या सगळ्यांनी खाली बघितलं. मी एकट्यानं समोर बघितलं, आणि झालो चिटणीस.

झाल्याबरोबर नियम करायला घेतले, आजवर झाले एकवीस. पाणी सकाळी सात ते आठ, कारण उन्हाळ्यात टाकीत तेवढंच असतं. सातला मी शिट्टी वाजवतो (तीच ती, निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहून गेलेली) आणि नळ सुटतो, आठला पुन्हा शिट्टी आणि लाल झेंडा. लोक आधी हसले, मग भांडले, आणि आता माझ्या शिट्टीवर घड्याळं लावतात. त्या एकविसातला अकरावा नियम तेवढा लक्षात ठेव. माझ्या डाव्या हाताचा वाफा सोपानरावांचा. निवृत्त पोस्टमास्तर, स्वभावानं टपालाच्या पेटीसारखे, आत गेलेलं काही बाहेर येत नाही. त्यांची काकडी सरळ माझ्या वाफ्यात घुसली, माझ्या मांडवावर चढली, आणि ती तोडायला ते रोज माझ्या ओळी तुडवत यायला लागले. म्हणून मी नियम लिहिला, 'वेल ज्याच्या मांडवावर, फळ त्याचे.' सभेत मंजूर झाला. सोपानरावांनी त्याच संध्याकाळी काकडी ओढून आपल्या बाजूला वळवली, आणि तेव्हापासून ते माझ्याशी तोंडानं बोलत नाहीत. काही सांगायचं असेल तर पत्र पाठवतात, एका वाफ्यातून शेजारच्या वाफ्यात, रीतसर तिकीट लावून.

आता माझ्या वाफ्याचं. डिसेंबरपासून मी तुला प्रत्येक पत्रात लिहीत आलो, भेंडी लावली, गवार लावली, मुळा धरला. लावलं हे खरं. ओळी दोरी धरून मारल्या, दोन बियांच्या मधे फूटपट्टी ठेवली, ओळीओळीला पाटी रोवली. पाट्या उत्तम आल्या. मुळा मात्र उंदराच्या शेपटाएवढा झाला, गवार माव्यानं खाल्ली, भेंडीची दोन झाडं जगली आणि दोघांत मिळून एक भेंडी लागली. ती तोडावी की बघावी, या विचारात मी चार दिवस काढले आणि ती जून झाली. मग त्या कार्डाच्या आधीच्या कार्डात दाजींनी लिहिलं, की मारुतीच्या शेतात कागद चांगला पिकतो असं दिसतं. मी वाचून हसलो. पण अक्का, लागलं. आपण सुदुंबऱ्याची. आबांनी नुसती काठी रोवली तरी तिला पालवी फुटते असं गाव म्हणायचं. आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा, बत्तीस वर्षं हिरवा झेंडा दाखवला, पण हातून हिरवं म्हणून काही आलं नाही.

माझ्या उजव्या हाताचा, नळाशेजारचा वाफा बागेच्या माळ्याचा, कोंडाजीचा. वीस वर्षं त्यानं या बागेत गुलाब राखले आणि आता त्याला कोथिंबीर राखायला बसवलंय. मुंबईहून हवा खायला येणारी मंडळी बंगल्यांत उतरू लागली आहेत. परवा त्यातल्या एक बाई, इथले गुलाब कुठे गेले, म्हणून त्याला विचारायला आल्या. त्यानं गंभीर तोंडानं त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली, आणि त्या ती हुंगत हुंगत घेऊन गेल्या. वाफा बघते ती त्याची बायको सरुबाई. माणसं पवन मावळातली. त्यांचं गाव नव्या धरणाच्या पाण्यात जायचं आहे. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले, फक्त माणसांना कुठे न्यायचं ते अजून ठरत नाही. कोंडाजी नोकरीमुळे इथे, पण घरदार, म्हातारा दीर, चार ढोरं, सगळं तिकडेच. सरुबाई त्याबद्दल फार बोलत नाही. कुणी विचारलं तर 'बगू' म्हणते आणि खुरपं चालवते.

तिच्या वाफ्यात दोरी नाही, पाटी नाही. चुलीतली राख, शेण, भांडी विसळलेलं पाणी, आणि रोज सकाळी एकेक पान उलटं करून बघणं, एवढंच तिचं शास्त्र. तिचा दुध्या असा माजला की तिचा मांडव पुरेना, आणि माघ सरता सरता त्याचा एक फाटा माझ्या रिकाम्या मांडवावर आला. सोपानरावांच्या काकडीला मी हुसकावलं होतं, याला काही बोललो नाही. खरं सांगू, बरं वाटलं. निदान मांडवाला सावली झाली. त्या फाट्याला एकच भोपळा धरला आणि तो वाढत गेला, मानेला किंचित वाकडा, खाली गरगरीत. येणारा-जाणारा थांबून म्हणू लागला, वा मारुतराव! पहिल्या माणसाला मी सांगितलं, माझा नाही. दुसऱ्याला सांगितलं, वेल सरुबाईचा आहे. तिसऱ्याला म्हटलं, मांडव माझा आहे. पाचव्या-सहाव्याला मी नुसता हसलो. चोरी अशीच सुरू होत असावी, तोंडात शब्द न घालता. मी मात्र तेव्हा त्याला चोरी म्हणत नव्हतो, मी त्याला अकरावा नियम म्हणत होतो.

त्या भोपळ्याच्या देठाला एक तांबडी चिंधी बांधलेली होती.

मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून. आता अंधश्रद्धेबद्दल माझी मतं तुला माहीत आहेत. मोटारीला लिंबू-मिरची बांधू नये म्हणून मी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं (छापलं नाही, पण लिहिलं होतं), आणि बागेत गंडेदोरे बांधू नयेत हा आमचा सतरावा नियम आहे. तेव्हा चिंधी सोडणं हे माझं चिटणीस म्हणून कर्तव्य होतं आणि भोपळा तोडणं हा माझा मांडववाला म्हणून हक्क होता. दाजींचं ते कागद पिकण्याचं कार्ड आलं शनिवारी, आणि रविवारी सकाळी साडेसहाला मी कर्तव्य आणि हक्क दोन्ही एकदम बजावले. बागेत कुणी नव्हतं. (नियमानं माझाच होता तर कुणी नसण्याची वेळ का निवडली, असं विचारू नकोस. मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.) खिशातल्या चाकूनं देठ कापला, चिंधी ओढून फेकली, तिचा धागा राहिला तो दिसला नाही, भोपळा पिशवीत घालून घरी ठेवून आलो आणि सातला शिट्टी वाजवायला हजर. नऊच्या पॅसेंजरनं भिकाजीबरोबर तो तुझ्याकडे रवाना झाला. पिशवीला चिठ्ठी, 'अक्कास, माझ्या वाफ्यातला.' नियमानं पाहिलं तर शब्द न् शब्द खरा.

सव्वासातला सरुबाई त्या फाट्याखाली उभी. ओरडली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. वर हात करून रिकामा देठ चाचपला आणि मला विचारलं, "भाऊ, हितला बियान्याचा भोपळा कुटं गेला वो?"

बियाण्याचा! अक्का, त्या एका शब्दासरशी मला आई दिसली. आपलं परस, मागची पडवी, आणि आई लुगड्याचा काठ फाडून त्याची पट्टी भोपळ्याच्या देठाला बांधतेय. तू तिच्यामागे उभी आहेस, आणि मी, पाच-सहा वर्षांचा असेन, हात पुढे करतोय तर तिनं तो हळूच बाजूला केला. म्हणाली, याला हात लावायचा नाही, हा खायचा नाही, हा पुढच्या सालचा आहे. हे सगळं माझ्या डोक्यात कुठेतरी होतं, आणि चिंधी समोर आली तेव्हा मला लिंबू-मिरची आठवली. ती चिंधी म्हणजे पाटीच होती की. मी चोवीस वाफ्यांना रंगवून लावल्या तसलीच, फक्त अक्षरं न येणाऱ्यालाही वाचता येणारी. आख्ख्या बागेत ती वाचता आली नाही असा मी एकटा निघालो, आणि मी तिथला चिटणीस. तुझी भावजय घरात असती तर तिनं पिशवीत नुसतं डोकावून मला परत पाठवलं असतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण गेले दोन महिने तोंडानं न बोललेल्या सोपानरावांना नेमका तोच मुहूर्त सापडला. ते कडाडले, "माकडं!" आणि मग सगळी बाग म्हणाली, माकडंच, दुसरं कोण, परवा आमच्या भेंड्या नेल्या, तेरवा टोमॅटो नेले. माझं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. एकदा मिटलं की दुसऱ्या दिवशी ते उघडायला जास्त जोर लागतो, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. आज चौदा दिवस झाले.

त्या भोपळ्याचं काय ते मला सरुबाईकडूनच कळलं. माझ्याशेजारी बसून पाणी घालता घालता तिनं सांगितलं, आणि मी ऐकत बसलो. ते बी तिच्या सासूचं. सासूला तिच्या सासूकडून आलेलं. दर अक्षय्य तृतीयेला दारात आळं करून ते बी घालायचं, पावसाळाभर खायचं, एक भोपळा चिंधी बांधून राखायचा. गावात चार घरी ते बी होतं. गेल्या साली पावसानं दगा दिला आणि सगळ्यांचंच गेलं. हिच्याकडे तीन बिया उरल्या होत्या. गावात पाणी नाही म्हणून तिनं त्या इथे आणून नळाशेजारी लावल्या. दोन कुजल्या, एक उगवली. तिचा तो वेल, आणि त्या वेलावर राखायला म्हणून तिनं निवडलेला तो एक भोपळा. तोडायला आला नव्हता अजून, वेलावरच वाळायचा होता. या अक्षय्य तृतीयेला त्यातलं बी तिला गावी न्यायचं होतं. मी म्हटलं, सरुबाई, गाव तर पाण्यात जायचं, तिथे आता आळं घालून काय करणार? ती म्हणाली, "गाव हाय तवर घालायचं. म्होरं जाऊ तितं घालायचं. सरकार जमिनीला जमीन देनार म्हनं, घराला घर. भोपळ्याला भोपळा कोन देनार, भाऊ?"

मी शिट्टी पुसत बसलो. शिट्टी स्वच्छच होती.

इकडे माकडांच्या विरुद्ध तातडीची सभा भरली. 'माकडांच्या वाढत्या उपद्रवाबद्दल ही सभा तीव्र नाराजी व्यक्त करते,' असा ठराव झाला, आणि तो लिहिला कुणी, तर मी. चांगल्या वळणदार अक्षरात, समास सोडून. (सभा चालू असताना एक माकड कुंपणावर बसून सोपानरावांची काकडी खात होतं, तेव्हा माकडं अगदीच निरपराध होती असं नाही. पण काकडी वेगळी आणि भोपळा वेगळा.) राखणीला कोंडाजीला बसवलं, हातात पत्र्याचा डबा आणि काठी, दहा ते चार, भर उन्हात. अक्का, चैत्रातलं ऊन इथे सुदुंबऱ्याइतकं नसलं तरी ऊन ते ऊनच, आणि कोंडाजी काही तरणा नाही. त्यात तो बसतो कसा, तर माकडं येतात त्या जांभळीच्या झाडाकडे पाठ करून आणि माझ्या वाफ्याकडे तोंड करून. मी दोनदा सांगितलं, कोंडाजी, माकडं तिकडून येतात. तो म्हणतो, व्हय भाऊ. आणि बसतो तसाच. मला वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलं.

आणि परवा, शुक्रवारी, सरुबाईनं माझ्या हातात एक कोवळा दुध्या ठेवला. म्हणाली, तुमच्या वाफ्यात काय न्हाई, वैनी बी घरी न्हाईत, चार फोडी टाकून खावा. त्याच वेलावरचा. मी नको म्हटलं तर तिला वाटलं, संकोच करतोय. घरी आणून फडताळात ठेवलाय. त्याला विळी लावायचा धीर होत नाही, आणि तो तिथे आहे तोवर दुसरं काही गोड लागत नाही. तीन दिवस मिलो आणि मीठ चाललंय. खाऊन-पिऊन बरा नाही, म्हटलं ते हे.

तर अक्का, तो धागा त्या चिंधीचा. झालं, लिहिलं एकदाचं ते वाक्य. सरुबाईला मी सांगणार आहे. नक्की सांगणार आहे. पण तुझं उत्तर येऊ दे, भोपळा शाबूत असल्याचं कळू दे, मग. गुन्हा कबूल करायला जायचं तर मुद्देमाल हातात घेऊन जावं असं मला वाटतं, रिकाम्या हातानं कबुली देणारा माणूस फार केविलवाणा दिसतो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि दाजींना (ते वाचतच आहेत, मला माहीत आहे) एवढंच सांगणं, की कागदाबद्दल तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं.

तुझा धाकटा,
मारुती

ता. क. १ : एवढं पत्र लिहिलं आणि खरं काम लिहायचं राहिलं. भोपळा कापू नकोस. दाजींची करवत लपव, भोपळाही लपव, दोन्ही एका जागी लपवू नकोस. येत्या शनिवारी अक्षय्य तृतीया. गुरुवारी भिकाजी तुझ्याकडे येईल, त्याच्याजवळ भोपळा फडक्यात गुंडाळून दे. कापला असलास तर बिया धुऊ नकोस, तशाच राखेत घोळून दे. हलवा झाला असेल तर बिया कुठे टाकल्या ते आठव. उकिरड्यावर टाकल्या असतील तर तो उकिरडा कुणालाही हलवू देऊ नकोस, मी सुट्टी न मागता येईन, मला आता सुट्टी लागत नाही.

ता. क. २ : पाकीट खिशात घालून टपालाच्या पेटीकडे निघालो. पेटी बागेच्या पलीकडे आहे, मधून जावं लागतं. चारचा सुमार. कोंडाजी डबा मांडीवर घेऊन बसलेला, माझ्याच वाफ्याकडे तोंड करून, मानेवर घामाचे ओघळ. सरुबाई शेजारी खुरपत होती. मी पेटीपर्यंत गेलो, परत आलो, आणि मधल्या बांधावर बसून दोघांना सगळं सांगितलं. मुद्देमाल हातात नव्हता.

सरुबाई खुरपं थांबवून ऐकत होती. तिनं पहिलं विचारलं ते माझ्याबद्दल नव्हतं. म्हणाली, "तुमची भन कुटली?" मी म्हटलं, आमचं गाव सुदुंबरे. "तिनं काय लिवलंय?" मी कार्ड काढून वाचून दाखवलं, दाजींच्या करवतीसकट, उभ्या ओळीसकट. उभी ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली. मग खुरपं उचललं आणि म्हणाली, "दोरा इचारलाय नव्हं? मंग न्हाई कापायची ती."

अक्का, तुला ती ओळखत नाही, तुझं तोंड तिनं पाहिलेलं नाही, आणि तुझ्यावर तिचा एवढा भरवसा. आता तू मला खरं सांग, तू ते विचारलंस ते तुला माहीत नव्हतं म्हणून, की मला माहीत आहे का ते बघायला?

मग कोंडाजीनं डबा खाली ठेवला. म्हणाला, त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "माकाड पिळून तोडतंय, भाऊ. द्येठ चाकूनं कापल्याला व्हता." मी म्हटलं, मग इतके दिवस उन्हात बसलास तो कशासाठी? बोलला का नाहीस? बायकोला तरी सांगायचंस. तो म्हणाला, "तुमी सांगाल म्हनून बसलो व्हतो." एवढंच. रागावून म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. लाज या शब्दाचा अर्थ मला साठाव्या वर्षी नीट कळला, आणि तो उन्हात बसलेल्या माणसाकडून कळला.

ता. क. ३ (मंगळवार) : माकडांविरुद्धचा ठराव मागे घेतला. अकरावा नियम रद्द. सोपानरावांचं त्याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं आहे, तिकीट लावून, सोबत एक काकडी. फडताळातला कोवळा दुध्या आज चिरला आणि जेवलो.

आणि आता ता. क. १ मधलं सगळं खोड. पाकीट पेटीत टाकलं नव्हतंच, ते उद्या भिकाजीच्या हातीच पाठवतोय. सरुबाईचा निरोप असा, की सगळं बी परत धाडू नका, निम्मं आक्काला ठेवा. मी म्हटलं, का? ती म्हणाली, "आमी कुटं जानार ठावं न्हाई. चार दारांत असलं म्हंजी एकाद्या दारी मागाय तरी येता येतंय." तेव्हा दाजींना सांग, धार लावलेली करवत वाया जात नाही. गुरुवारी भिकाजीच्या समोर, मानेपासून हळू कापायला लाव, बिया दुखवू नकोस. निम्म्या त्याच्याजवळ फडक्यात बांधून दे, शुक्रवारी कोंडाजी आणि सरुबाई त्या घेऊन गावी जातील. निम्म्या तुझ्या. शनिवारी दारात आळं कर, राख घाल, आई घालायची तशी. दोरी आणि फूटपट्टी लागत नाही, मी विचारून घेतलंय.

पावसाळ्यात वेलाला भोपळे धरले की त्यातल्या एकाला चिंधी बांध. आणि मी तुझ्याकडे आलो की चहापाणी राहू दे, आधी मला परसात त्याच्यापाशी ने, आणि आई म्हणाली होती तसं एकदा म्हण. साठीचा झालोय, पण या खेपेला ऐकेन.